रशियन भाषा, संस्कृती आणि इतिहास: पदवीसाठी हा विषय घ्यावा का?

बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झालेल्या नाशिकच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: ‘मला रशियन भाषा, संस्कृती आणि इतिहास हा विषय पदवीसाठी घ्यायचा आहे. त्यात नेमके काय शिकवतात, मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ही भाषा झेपेल का, रशियाला जावेच लागते का आणि पुढे पोटापाण्याचे काय?’ मी सुमारे तीस वर्षे रशियन शिकवते आहे आणि त्याआधी विद्यार्थिनी म्हणून दहा महिने लेनिनग्राडला (आताच्या सेंट पीटर्सबर्गला) राहिले आहे. तुमच्या चार प्रश्नांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

झेपेल, आणि मराठी माध्यमातून आलात म्हणून अधिक चांगली झेपेल. आपल्याकडे रशियन बहुतेक ठिकाणी इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून आणि इंग्रजी स्पष्टीकरणांतून शिकवली जाते, त्यामुळे विद्यार्थी मनात आधी इंग्रजी वाक्य तयार करतो आणि मग त्याचे रशियन करायला जातो. पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत मला दिसणाऱ्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक या वळणाच्या असतात. ‘मी पेनने लिहिते’ हे वाक्य घ्या. रशियनमध्ये पेनला ‘रूच्का’ म्हणतात आणि ‘पेनने’ म्हणायला त्याचा शेवट बदलून ‘रूच्कोय’ एवढेच म्हणावे लागते. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी त्याच्या आधी ‘स’ हे अव्यय लावून ‘स रूच्कोय’ लिहितो आणि त्याचा अर्थ ‘पेनासोबत लिहिते’ असा होतो, जणू पेन शेजारी बसले आहे. ‘पेनने’ आणि ‘पेनासोबत’ यांतला फरक मराठी मुलाला सांगावा लागत नाही. तो त्याला पाळण्यापासून ठाऊक असतो.

थंडी वाजली की रशियन माणूस ‘म्न्ये खोलद्ना’ म्हणतो. ‘म्न्ये’ म्हणजे ‘मला’. एखादी गोष्ट आवडली तर ‘म्न्ये न्राविच्चा’, म्हणजे ‘मला आवडते’. थंडी, आवड, कंटाळा या सगळ्यांत माणूस कर्ता नसून चतुर्थीत येतो, अगदी आपल्यासारखा. ‘तो आपले पुस्तक वाचतो’ आणि ‘तो त्याचे पुस्तक वाचतो’ यांतला जो भेद आपण सहज करतो, तोच रशियनमध्ये ‘स्वोय’ आणि ‘येवो’ या दोन शब्दांनी केला जातो. तीन लिंगे आपल्याकडे आहेत तशीच त्यांच्याकडेही आहेत आणि भूतकाळी क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते: तो वाचत होता, ‘चिताल’, ती वाचत होती, ‘चिताला’. आपण ‘मी घर पाहिले’ म्हणतो पण ‘मी विद्यार्थ्याला पाहिले’ म्हणतो. रशियनमध्येही पुल्लिंगी निर्जीव नाम कर्म असताना तसेच राहते आणि सजीव नामाचा शेवट बदलतो: ‘दोम’ (घर) तसेच राहते, पण ‘स्तुद्येन्त’चा (विद्यार्थी) ‘स्तुद्येन्ता’ होतो. हा नियम इंग्रजी पुस्तकात दीड पान घेतो. मराठीत एका वाक्यात सांगून होतो.

शाळेत ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ घोकलेल्यांना विभक्ती या शब्दाची भीती वाटायला नको. रशियन विभक्ती सहाच आहेत. मात्र प्रत्यय लिंगाप्रमाणे आणि वचनाप्रमाणे बदलतात, विशेषणालाही लागतात आणि संख्यावाचक शब्दांनाही लागतात, त्यामुळे पहिली दोन वर्षे रोज तासभर पाठांतर करावे लागते. हे कष्ट टाळून पुढे जाता येत नाही.

उच्चारांतही मराठीची मोठी मदत होते. चाकातला ‘च’ आणि चहातला ‘च’ वेगळा आहे हे आपल्याला कळते. रशियनमध्ये या दोन ध्वनींना दोन स्वतंत्र अक्षरे आहेत आणि ज्याला आपण ‘झार’ म्हणतो तो शब्द मुळात चाकातल्या ‘च’ने उच्चारायचा असतो. ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत. तरीही इंग्रजीच्या सवयीने मुले ‘दोम’चा ‘डोम’ आणि ‘ताम’चा ‘टाम’ करतात आणि ती सवय मोडायला एक अख्खे सत्र जाते.

आता खरोखर अवघड काय, ते सांगते. पहिली गोष्ट आघात. रशियन शब्दातला आघात कुठल्याही अक्षरावर पडू शकतो, लिखाणात तो दाखवत नाहीत आणि त्याने अर्थ बदलतो: ‘मूका’ असा पहिल्या अक्षरावर जोर दिला तर यातना, ‘मुका’ असा शेवटच्या अक्षरावर दिला तर पीठ. आघात नसलेला ‘ओ’ तर ‘अ’कडे झुकतो, म्हणून ‘मोलोको’ असे लिहिलेले दूध ‘मलाको’ असे ऐकू येते. दुसरी गोष्ट क्रियापदांच्या जोड्या. जवळजवळ प्रत्येक क्रियेसाठी दोन क्रियापदे असतात, एक चाललेल्या किंवा वारंवार होणाऱ्या क्रियेचे आणि दुसरे पूर्ण झालेल्या क्रियेचे. इथेही मी वर्गात मराठीच वापरते. ‘ती कादंबरी वाचली आहेस का?’ आणि ‘ती कादंबरी वाचून झाली का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रशियनमध्ये पहिल्याला ‘चिताल’ आणि दुसऱ्याला ‘प्राचिताल’ येईल. ‘तो गणित सोडवत होता, पण सुटले नाही’ या वाक्यातल्या ‘सोडवत होता’ आणि ‘सुटले’ यांच्या जागी रशियनमध्ये ‘ऱ्येशाल’ आणि ‘ऱ्येशील’ येतात. हे एकदा कानात बसले की व्याकरणातला सर्वांत अवघड घाट चढून झाला असे समजा. तिसरी गोष्ट जाण्या-येण्याची क्रियापदे: पायी की वाहनाने, एकाच दिशेने की जाऊन-येऊन, हे प्रत्येक वेळी क्रियापदानेच सांगावे लागते. इथे मात्र मराठीची मदत फारशी होत नाही.

लिपीला कोणी घाबरू नये. ३३ अक्षरे आठवड्यात येतात. छापील अक्षरे वाचता येणे आणि हस्ताक्षर वाचता येणे मात्र वेगळे. हाताने लिहिताना रशियन माणूस अक्षरे मोडीसारखी एकमेकांत गुंफतो, आणि तीन-चार अक्षरे तर नुसत्या लाटांसारखी दिसतात. पहिल्याच महिन्यात चार रेघांच्या वहीत हे वळण गिरवावे. पुढे जुनी पत्रे किंवा कागदपत्रे वाचायची वेळ आली की त्या वहीचे मोल कळते.

आता अभ्यासक्रमात काय असते ते सांगते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या रशियन अध्ययन केंद्रात शून्यापासून सुरू होणारी बी.ए. ऑनर्स पदवी आहे आणि तिचा प्रवेश केंद्रीय सामायिक परीक्षेतून होतो. हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठातही रशियन शिकवतात. मुंबई विद्यापीठात रशियन विभाग आहे आणि पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथले प्रमाणपत्र आणि पदविका वर्ग दुसरी पदवी करता करताही पूर्ण करता येतात. कुठेही गेलात तरी पहिली दोन वर्षे मुख्यतः भाषा असते, तिसऱ्या वर्षी साहित्य, इतिहास आणि भाषांतर जोर धरतात. विद्यार्थ्यांची तक्रार असते की इतिहासाचा पेपर कशाला, आम्हाला बोलायला शिकवा. त्यांना मी एक उदाहरण देते.

२२ जुलै १९०८ रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला. लेनिन तेव्हा परदेशात होता आणि त्याने आपल्या पक्षाच्या पत्रात या शिक्षेचा आणि मुंबईच्या संपाचा उल्लेख केला. त्या अंकावर तारीख आहे २३ जुलै १९०८. नुसती भाषा येणारा विद्यार्थी ही तारीख वाचून गोंधळतो, कारण त्या दिवशी तर संपाला नुकती सुरुवात झाली होती आणि युरोपात बसलेल्या माणसाला तो कळून, त्यावर लिहून, छापून होणे शक्य नव्हते. इतिहास शिकलेला विद्यार्थी लगेच विचारतो, ही तारीख कोणत्या दिनदर्शिकेची? रशिया १९१८ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत होता आणि विसाव्या शतकात ती आपल्यापेक्षा तेरा दिवस मागे होती. म्हणजे तो अंक आपल्या हिशेबाने ५ ऑगस्टचा. ऑक्टोबर क्रांतीचा वर्धापनदिन ७ नोव्हेंबरला का येतो, याचे उत्तरही हेच. त्याच १९१८ साली शुद्धलेखन सुधारून काही अक्षरे कायमची काढून टाकली, म्हणून त्याआधीचे छापील पुस्तक हाती घेतले की पानावर अनोळखी अक्षरे दिसतात. तारीख, लिपी आणि क्रांती या तीन गोष्टी वेगळ्या पेपरांत शिकवल्या तरी वाचताना त्या एकाच पानावर भेटतात.

आपल्या अंगणातला पुरावा हवा असेल तर अफानासी निकितिनकडे जा. त्व्येर गावचा हा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वास्को द गामाच्या आधी, एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला गेला. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. एका खुरासानी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने तो घोडा परत मिळाला. त्याने मागे ठेवलेल्या टिपणात जुन्नरचे वर्णन आहे की शहर दगडी बेटावर उभे आहे, ते कोणी बांधलेले नाही, देवानेच घडवले आहे, आणि वाट इतकी अरुंद की दोन माणसांना बरोबर जाता येत नाही. त्याच टिपणात घोड्यांच्या खाण्याविषयी लिहिताना त्याने ‘किचिरिस’ हा शब्द वापरला आहे. तो वाचताना वर्गातल्या एखाद्या मुलीच्या चेहऱ्यावर ‘ही तर आपली खिचडी’ असा उजेड पडतो, आणि त्या दिवसानंतर तिला जुनी रशियन अवघड वाटेनाशी होते. चौलजवळ रेवदंड्याला निकितिनचे स्मारक आहे. सहलीला गेलात तर जरूर पाहा.

शब्दांची नाती तर याहून जुनी आहेत. नवऱ्याच्या भावाला रशियनमध्ये ‘द्येवेर’ म्हणतात, तो आपला दीर. मुलाच्या बायकोला ‘स्नोखा’ म्हणतात. ती संस्कृतातली स्नुषा आणि आपली सून. ‘व्दोवा’ म्हणजे विधवा, ‘म्योद’ म्हणजे मध. यावरून दोन्ही संस्कृती एकच असल्याचे जे संदेश फिरतात त्यांवर विश्वास ठेवू नका. ही दोन भाषाकुटुंबे एका फार जुन्या मूळ भाषेतून फुटली, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो पुरेसा सुंदर आहे.

संस्कृतीचा पेपर म्हणजे बॅले आणि बाहुल्या असे समजू नका. रशियात गेल्यावर पहिल्या दिवशी लागणारी संस्कृती म्हणजे माणसाला हाक कशी मारायची. आपल्यासारखेच त्यांचे नावही तीन पदरी असते: स्वतःचे नाव, वडिलांच्या नावावरून आलेले पितृनाम आणि आडनाव. फरक असा की आपल्याकडे रूढीने लग्नानंतर मधले नाव नवऱ्याचे होते, त्यांच्याकडे मुलीचे पितृनाम जन्मभर वडिलांचेच राहते. प्राध्यापकांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणत नाहीत, आडनावानेही हाक मारत नाहीत. नाव आणि पितृनाम घ्यायचे आणि ‘वी’ म्हणजे तुम्ही म्हणायचे. ‘ती’ म्हणजे तू. त्यावर कधी यायचे हे वयाने मोठा माणूस सुचवतो.

माझ्या मनात घर करून राहिलेला प्रसंग याच अभ्यासाचा आहे. १९८९ साली आमच्या वसतिगृहाच्या दारावर बसणाऱ्या आजींनी एकदा मला उरलेला पाव टाकताना पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो तुकडा कचऱ्यातून उचलला, फडक्याने पुसला आणि खिडकीत पक्ष्यांसाठी कुस्करून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारले तेव्हा शिक्षिकेने फळ्यावर एकच आकडा लिहिला: १२५. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जर्मन वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये मुलांना आणि काम न करणाऱ्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत असे. त्या आजी तेव्हा लहान मुलगी होत्या. वेढा १९४४ च्या जानेवारीत पूर्ण उठला, त्याला ८७२ दिवस लागले. ‘ब्लकादा’, म्हणजे वेढा, हा शब्द शब्दकोशात मी आधी पाहिलेला होता. त्याचा अर्थ मला त्या खिडकीत कळला.

इतिहासाविषयी एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. कीएव्हच्या (कीव, आजच्या युक्रेनची राजधानी) जुन्या राज्यापासून, ज्याने ९८८ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, रशियाचा इतिहास सुरू करण्याची प्रथा आहे. पण युक्रेन आणि बेलारूसही तोच वारसा आपला मानतात, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यापासून हा वाद पुस्तकातला राहिलेला नाही. रशियन विद्यापीठांत २०२३ पासून राज्यव्यवस्थेच्या मूलतत्त्वांचा एक नवा अनिवार्य विषय आला आहे. स्टालिनच्या काळातल्या बळींची नोंद ठेवणारी ‘मेमोरियल’ ही संस्था २०२१ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद करण्यात आली आणि पुढच्याच वर्षी तिला शांततेचे नोबेल विभागून मिळाले. म्हणून तुम्ही रशियन स्रोत रशियनमध्ये वाचाच, पण त्याच घटनेवर कीएव्ह, वॉर्सा आणि ताश्कंद इथल्या अभ्यासकांनी काय लिहिले आहे तेही वाचा. रशियन येणाऱ्याला या बऱ्याचशा लेखनापर्यंत स्वतः पोहोचता येते, आणि माझ्या मते पदवीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

रशियाला जावेच लागते का? पदवीसाठी नाही, पण निदान एक सत्र तरी तिथे राहिल्याशिवाय कान तयार होत नाही. संपूर्ण पदवी तिथे करायची असेल तर आधी एक वर्ष पूर्वतयारी विभागात, ज्याला विद्यार्थी ‘पोदफाक’ म्हणतात, भाषा शिकावी लागते. मॉस्कोची पुश्किन रशियन भाषा संस्था परदेशी विद्यार्थ्यांना रशियन शिकवण्याचे काम १९६६ पासून करते. रशियन सरकारची शिष्यवृत्ती शिक्षणशुल्क माफ करते; तिचा अर्ज मुंबईतल्या रशियन हाऊसमध्ये समजावून घ्या. शिष्यवृत्तीचा मासिक भत्ता अगदी थोडा असतो, राहण्या-खाण्याचा खर्च घरून न्यावा लागतो. तिथली परीक्षा बहुतांशी तोंडी असते: टेबलावर उलट्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची, थोडा वेळ विचार करायचा आणि प्राध्यापकांसमोर बसून बोलायचे. गुण पाचांपैकी मिळतात. लेखी परीक्षेत पहिल्या येणाऱ्या आपल्या मुली तिथे गप्प बसलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून इथे असतानाच दर आठवड्याला एका विषयावर दहा मिनिटे मोठ्याने बोलायचा सराव ठेवा.

आताच्या परिस्थितीत दोन खबरदाऱ्या आवश्यक आहेत. मार्च २०२२ पासून परदेशात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड ही कार्डे रशियात चालत नाहीत, त्यामुळे पैशांची सोय निघण्यापूर्वी करावी लागते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: नोकरीच्या आमिषाने भारतीय तरुणांना रशियन सैन्यात ओढल्याची प्रकरणे २०२४ साली उघड झाली आणि सीबीआयने गुन्हा नोंदवला. दलालाच्या मार्फत जाऊ नका आणि ज्या कागदातला प्रत्येक शब्द कळलेला नाही त्यावर सही करू नका, मग समोरचा कितीही घाई करो.

पोटापाण्याविषयी स्पष्ट लिहिते. नुसती रशियन पदवी आणि साधे भाषांतर यांवर पूर्वी जसे निभत असे तसे आता निभणार नाही, कारण सामान्य मजकुराचे भाषांतर यंत्र करते. रशियनला दुसऱ्या कौशल्याची जोड असेल तर मात्र काम आहे. तुमच्या नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग विमानांपासून सुखोईपर्यंत रशियन बनावटीच्या विमानांवर काम करत आला आहे; अशा ठिकाणी तांत्रिक परिभाषा जाणणारा भाषांतरकार लागतो. रशियात औषधे विकणाऱ्या कंपन्यांना नोंदणीची कागदपत्रे रशियनमध्ये द्यावी लागतात. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर रशियन फलक दिसतात आणि पर्यटनाच्या हंगामात भाषा येणाऱ्यांना मागणी असते. रशियात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलांना वर्ग इंग्रजीत असला तरी रुग्णाशी रशियनच बोलावे लागते, आणि त्यांना जाण्यापूर्वी भाषा शिकवणारे चांगले शिक्षक कमी आहेत. संशोधनाकडे ओढा असेल तर महाराष्ट्र आणि रशिया यांच्यातल्या संबंधांवर फार काम बाकी आहे. मॉस्कोत इरिना ग्लुश्कोवा यांनी मराठी शिकून विठ्ठलावर आणि वारीवर अनेक वर्षे अभ्यास केला. तितक्या निष्ठेने त्यांच्या देशाकडे पाहणारे मराठी अभ्यासक मोजकेच आहेत.

म्हणून माझा सल्ला असा: दिल्ली किंवा हैदराबादला प्रवेश मिळाला तर पूर्ण पदवी घ्या. नाही मिळाला तर इतिहास, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेऊन इथेच बी.ए. करा आणि सोबत रशियनचे प्रमाणपत्र आणि पदविका पूर्ण करा. तीन वर्षांनी दोन्ही मार्ग एम.ए.च्या दारात येऊन मिळतात. प्रवेश होईपर्यंतचे दोन महिने रिकामे घालवू नका. चार रेघांची वही घ्या, ३३ अक्षरे हाताने गिरवा, आणि रोज एक रशियन वाक्य घेऊन त्याच्या शेजारी त्याचे मराठी लिहा, मध्ये इंग्रजी न आणता. पहिले वाक्य मीच देते: ‘एता मोय दोम.’ हे माझे घर. त्यांच्याकडेही या वाक्यात ‘आहे’ म्हणावे लागत नाही.